ग्रंथालयातून माहिती साक्षरतेचे प्रशिक्षण: आधी काय, मग काय आणि नेमके कुठे चुकते

विकसनशील देशांतल्या ग्रंथालयांत माहिती साक्षरतेचा, म्हणजे हवी ती माहिती शोधायला, पारखायला आणि वापरायला शिकवणारा, वर्ग जाहीर होतो आणि प्रत्यक्षात भलतेच काहीतरी घडते. कधी ती ग्रंथालयाची फेरी होते: हा संदर्भ विभाग, ही तालिका, पुस्तक परत करण्याची मुदत अमुक दिवस. कधी तो संगणकाचा वर्ग होतो: माऊस असा धरा, ईमेल असा उघडा. दोन्ही कामाचेच आहे. पण वर्ग संपल्यावर घरी गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर ‘नोंदणी शुल्क भरा, नोकरी पक्की’ असा संदेश आला आणि तो पूर्वीसारखाच गोंधळला, तर माहिती साक्षरता शिकवली गेली नाही असेच म्हणायचे.

या कामाची सुरुवात ‘आपल्या ग्रंथालयात काय आहे’ इथून होत नाही, ‘आपल्या वाचकाला काय ठरवायचे आहे’ इथून होते. खालचा क्रम त्यावरच बेतला आहे. क्रम मोडू नका. साहित्य आधी आणि गरज नंतर, असे केले की सगळे पुन्हा करावे लागते.

टप्पा १: लोक काय विचारतात ते टिपा

देवघेव काउंटरवर एक साधी वही ठेवा आणि दोन आठवडे वाचकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘आरोग्यविषयक माहिती’ असे नको. ‘साखरेची गोळी बंद करून हा काढा घेतला तर चालेल का, भावाने पाठवलंय’ असे हवे. नुसत्या विषयातून धडा उभा राहत नाही, प्रश्नातून राहतो. प्रश्नापुढे दोनच खुणा करा: माणसाला ही माहिती कुठून मिळाली होती (मोबाईल, शेजारी, रेडिओ, छापील कागद) आणि तिच्यावर तो काय करणार होता (पैसे भरणार, औषध घेणार, अर्ज करणार, कुणाला पुढे पाठवणार). नाव लिहू नका. वही इतरांच्या नजरेस पडते आणि लहान वस्तीत प्रश्नावरूनही माणूस ओळखू येतो.

दोन आठवड्यांनी वही वाचताना तीन-चार जातीचे प्रश्न वरचेवर दिसतील. बहुतेक ठिकाणी औषधोपचार, सरकारी योजना व दाखले, नोकरीच्या जाहिराती आणि परीक्षा किंवा प्रवेश यांतलेच असतात. त्यातला एक निवडा. एकच.

> सावधान: ‘तुम्हाला माहिती साक्षरतेचे प्रशिक्षण हवे आहे का?’ अशी प्रश्नावली वाटू नका. सगळे होकार देतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

टप्पा २: वर्गानंतर माणूस काय करू शकेल, ते एका वाक्यात लिहा

‘माहितीच्या स्रोतांबद्दल जागृती निर्माण होईल’ हे वाक्य अहवालात शोभते, वर्गात त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘नोकरीची जाहिरात हातात पडली की पैसे भरण्यापूर्वी सहभागी व्यक्ती जाहिरातीबाहेरच्या एका तरी ठिकाणी तिची खात्री करील, आणि ती कशी करायची हे करून दाखवील.’ यात क्रिया आहे, ती डोळ्यांना दिसते आणि तपासता येते.

एका बैठकीत एकच कौशल्य. शोधशब्द निवडणे, स्रोत पारखणे, दोन स्रोतांची तुलना, उद्धरण देणे, इतरांची माहिती जबाबदारीने वापरणे या प्रत्येकाला वेगळी बैठक लागते. दीड तासात पाचही बसवायला गेले की लोक टिपणे छान घेतात आणि घरी काहीच करत नाहीत. इथे हात आखडता घेणे अवघड जाते, कारण परवानगी देणाऱ्यांना ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ हवा असतो. त्यांना सहा बैठकांची मालिका दाखवा, पण दर बैठकीचे वाक्य वेगळे ठेवा.

> तपासणी: तुमचे वाक्य देवघेव काउंटरवरच्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. ‘म्हणजे ते नेमकं काय करतील?’ असे त्याने विचारले, तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा ३: वीज, नेट, फोन आणि भाषा यांची खरी मोजदाद

कागदावरची नको, प्रत्यक्षातली करा. ज्या वारी आणि ज्या वेळी वर्ग घ्यायचा आहे त्याच वेळी त्याच खोलीत बसून नेट चालवून पाहा. सकाळी चालणारे नेट दुपारी सगळे जोडले गेल्यावर मान टाकते. वीज जाण्याच्या वेळा विचारून घ्या. आणि सहभागी लोकांच्या फोनबद्दल नीट चौकशी करा. पुष्कळ देशांत मोबाईल कंपन्या ठरावीक ॲपपुरतेच स्वस्त डेटापॅक विकतात. अशा माणसाला संदेश वाचता येतो, पण त्यातला दुवा उघडता येत नाही. ‘दुसऱ्या संकेतस्थळावर खात्री करा’ हा तुमचा सल्ला त्याच्या फोनवर चालतच नाही. हे वर्गात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

म्हणून आराखडा नेटशिवाय चालणारा करा. नेट मिळाले तर वाढीव लाभ. किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर विकिपीडियाची प्रत इंटरनेटविना वाचू देते आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडियाला १०० जीबीच्या आसपास जागा लागते, पण लहान भाषांचे विकिपीडिया किंवा निव्वळ वैद्यकीय लेखांची प्रत मेमरी कार्डावर मावते. एक लक्षात ठेवा: उतरवलेली प्रत त्या तारखेला गोठलेली असते. ‘हा आजार कसा पसरतो’ याला ती उत्तम, ‘कालची घोषणा खरी का’ याला निरुपयोगी. हा फरक सहभागींनाही सांगावा लागतो.

विद्यापीठ, रुग्णालय किंवा संशोधन संस्थेचे ग्रंथालय असेल, तर रिसर्च फॉर लाइफ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या पात्र देशांच्या यादीत आपला देश आहे का ते पाहा. असेल तर आरोग्य, शेती, पर्यावरण, तंत्रज्ञान आणि कायदा या विषयांची नियतकालिके मोफत किंवा अल्प शुल्कात मिळतात. नोंदणी संस्थेच्या नावाने होते, व्यक्तीच्या नाही. त्यामुळे हे काम वर्गाच्या पुष्कळ आधी उरका.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. खात्रीची माहिती इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये आणि सहभागी दुसरीच भाषा वाचणारे, ही परिस्थिती नेहमीची. इलाज दोन. पहिला, त्या विषयासाठी स्थानिक भाषेतल्या भरवशाच्या पाच-सात ठिकाणांची यादी तुम्ही आधीच करा. दुसरा, माणूसही स्रोत असतो हे मान्य करा. आरोग्य सेविका, शाळेतला शिक्षक, कार्यालयातला लिपिक हे बहुतेकांचे पहिले संदर्भग्रंथ. त्यांना वगळून शिकवू नका, पारखायला शिकवा: याने स्वतः पाहिले आहे की ऐकले? हे त्याच्या कामाच्या कक्षेत येते का? आपण विश्वास ठेवला तर त्याला काय मिळते?

टप्पा ४: सरावाचा संच तयार करा

सर्वांत जास्त वेळ याला द्या. भाषण कमी-जास्त झाले तरी निभते, पण संच कच्चा असेल तर वर्ग बसतो.

चार माणसांच्या एका गटाला एक पाकीट. पाकिटात सहा कागद: प्रत्यक्ष फिरणाऱ्या संदेशांची, जाहिरातींची किंवा पानांची छापील चित्रे. पाठवणाऱ्याचे नाव आणि नंबर झाका. प्रत्येक कागदाच्या जोडीला एक बंद लिफाफा. त्यात ‘बाहेर जाऊन पाहिले असते तर काय सापडले असते’ याची छापील चित्रे: शोधाचा निकाल, संबंधित कार्यालयाचे पान, त्याच छायाचित्राची जुनी बातमी. नेट असेल तर लोक स्वतः शोधतील; नसेल तर लिफाफा उघडतील.

आता कळीचा मुद्दा. सहापैकी तीन कागद खरे असले पाहिजेत. शिवाय त्यातला एक तरी असा हवा, की खरा असून खोटा वाटेल: शुद्धलेखन चुकलेला, ढोबळ छपाईचा, पण कार्यालयाने खरोखरच काढलेला आदेश. सगळे खोटेच नमुने दिले की सहभागी एकच धडा शिकतात, की सगळे खोटे असते. मग लसीकरणाची खरी तारीख सांगणारा संदेशही ते उडवून लावतात. संशयखोर माणूस घडवणे सोपे आहे आणि ते आपले काम नाही.

नमुने निवडताना पहिल्या दोन-तीन बैठकांत राजकारण आणि धर्म टाळा. त्या विषयांत लोक कागद पाहत नाहीत, बाजू पाहतात. औषध, नोकरी, योजना यांत कुणाचा मानापमान नसतो आणि नुकसान मात्र सगळ्यांचे सारखे असते. पद्धत अंगवळणी पडली की अवघड नमुने आणा.

नोकरीच्या संचात संकेतस्थळाच्या पत्त्याचा एक कागद जरूर असू द्या. तो वाचायची रीत अशी: सुरुवातीच्या दोन तिरक्या दांड्यांनंतर जो पहिला एकेरी दांडा येतो, तिथे बोट ठेवा आणि तिथून डावीकडे वाचत या. त्या दांड्याला चिकटलेला भाग खरा मालक सांगतो. पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्येच कुठेतरी खात्याचे नाव असले म्हणून ते पान खात्याचे होत नाही. तो भाग कुणीही काहीही लिहू शकतो. पण त्याच दमात दुसरी बाजूही सांगा. अनेक विकसनशील देशांत खरीखुरी सरकारी कार्यालये साधा पत्ता, मोफत ईमेल किंवा नुसते फेसबुक पान वापरतात. म्हणजे पत्ता हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

व्हॉट्सॲपच्या नमुन्यांत दुहेरी बाणाची खूण दाखवा. संदेश एकाकडून दुसऱ्याकडे असा पाच किंवा अधिक वेळा फिरला की ती उमटते. खूण दिसली म्हणून संदेश खोटा ठरत नाही. पाठवणाऱ्या ओळखीच्या माणसाने तो लिहिलेला नाही, एवढे मात्र नक्की कळते. ‘काकांनी सांगितले’ आणि ‘काकांनी ढकलले’ यांतला फरक तिथल्या तिथे दिसतो.

> तपासणी: संच आधी दोन माणसांवर करून पाहा, एक सराईत वाचक आणि एक क्वचित येणारा. दोघांपैकी कुणी कागदावरचा मजकूर वाचण्यातच अडकला, तर कागद बदला. वाचनाची परीक्षा घ्यायला आपण बसलेलो नाही.

टप्पा ५: वेळ मागा, गर्दी नव्हे

‘या रविवारी मोफत कार्यशाळा’ असा फलक लावला की ज्यांना गरज नाही तेच येतात. आधीच जमणाऱ्या गटाकडे जा: बचत गट, पालकसभा, शेतकरी गट, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. त्यांच्या ठरलेल्या बैठकीतला दीड तास मागा.

शाळा-महाविद्यालयात विषय शिक्षकाला गाठा आणि त्याच्या खऱ्या गृहपाठाला वर्ग जोडा. प्रकल्प देण्याच्या आठवड्यात घेतलेला वर्ग चिकटतो. वर्षारंभी स्वागत समारंभात घेतलेला दुसऱ्या दिवशी विसरला जातो. शिक्षकाशी बोलताना गुणांचा विषय काढाच. संदर्भ तपासून दिल्याबद्दल थोडे का होईना गुण असतील, तरच विद्यार्थी ते करतात. हल्ली संवादी एआयकडून संदर्भयादी करून घेणारे विद्यार्थी सर्रास दिसतात. त्या यादीत कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख असतात. यादीतले तीन संदर्भ तालिकेत किंवा नियतकालिकाच्या अंकात प्रत्यक्ष शोधून काढा, एवढाच सराव दिला तरी पुरे.

एका वर्गाला पंधरा-सोळा माणसे, म्हणजे चार गट. पन्नास जण बसवून छायाचित्र चांगले येते, सराव होत नाही. उद्घाटन हवेच असेल तर ते वेगळ्या दिवशी ठेवा. पाहुण्यांची भाषणे नेहमी सरावाच्याच वेळेतून कापली जातात.

टप्पा ६: प्रत्यक्ष बैठक, ९० मिनिटे

*पहिली १० मिनिटे: पूर्वचाचणी.* काहीही न शिकवता दोन नमुने द्या आणि एकच प्रश्न विचारा: ‘हे तुमच्याकडे आले तर तुम्ही काय कराल आणि का?’ ज्यांना लिहिणे जड जाते त्यांचे उत्तर सहकाऱ्याने ऐकून लिहावे. या चाचणीची उत्तरे फोडू नका.

*पुढची १५ मिनिटे: करून दाखवणे.* एकच नमुना घ्या आणि मोठ्याने विचार करत तपासा. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अनोळखी संकेतस्थळे कशी पारखतात ते पाहिले. तथ्यतपासनीस ते पान झटपट सोडून दुसरीकडे त्याच्याबद्दल काय म्हटले आहे ते शोधू लागले. बाकीचे बरेच जण पानावरच रेंगाळले आणि चकचकीत मांडणीला, अधिकृत वाटणाऱ्या बोधचिन्हाला फसले. आपल्या वर्गाचा गाभा हाच: पानाकडे टक लावू नका, बाहेर पडा. लेखक कोण, तारीख काय, पान नीटनेटके आहे का अशा लांबलचक तपासयाद्या माणसाला त्याच पानावर खिळवून ठेवतात, म्हणून त्या पहिल्या धड्यात आणूच नयेत असे माझे मत आहे.

चार पावले पुरतात. थांबा. कोण बोलतेय ते दुसऱ्याकडून कळून घ्या. तीच गोष्ट आणखी कोणी सांगितली आहे का पाहा. मूळ मजकूर किंवा चित्र कुठले ते शोधा. माहिती साक्षरतेचे अभ्यासक मायकेल कॉलफिल्ड यांच्या ‘सिफ्ट’ पद्धतीतली ही पावले आहेत. वर्गात पद्धतीचे नाव सांगायची गरज नाही.

*मग ४० मिनिटे: गटात सराव.* पाकिटे वाटा आणि तुम्ही गप्प बसा. हे फार कठीण जाते. गट चुकीच्या दिशेने निघाला तरी पाच मिनिटे मध्ये पडू नका. विचारायला आले की उत्तराऐवजी प्रश्न द्या: ‘हे अजून कुठे पाहता येईल?’ फोन एकच असेल तर तो गटातल्या सर्वांत सराईत माणसाच्या हातात देऊ नका. तो सगळे उरकून टाकतो आणि बाकीचे तीन प्रेक्षक होतात. दर कागदाला फोन पुढच्याकडे सरकला पाहिजे.

*१५ मिनिटे: चर्चा.* खरे-खोटे किती ओळखले हे मोजत बसू नका. कसे ओळखले ते विचारा. ‘वाटलंच होतं’ हे उत्तर चालत नाही, भले ते बरोबर असो.

*शेवटची १० मिनिटे: उत्तरचाचणी.* पूर्वचाचणीइतकेच अवघड, पण वेगळे दोन नमुने. एक खरा, एक खोटा. प्रश्न तोच.

> सावधान: चर्चेत कुणी ‘मी असे पैसे भरले होते’ असे सांगितले, तर हसू होऊ देऊ नका आणि खोलात शिरू नका. वर्गानंतर बाजूला घेऊन तक्रार कुठे करायची ते सांगा. ती माहिती तयार ठेवूनच वर्गात या.

टप्पा ७: मोजायचे काय

हजेरीपत्रक जपून ठेवा, अनुदान देणारे मागतात. पण परिणाम दोन्ही चाचण्यांच्या उत्तरांत असतो. प्रत्येक उत्तराला असे गुण द्या: काहीच तपासले नाही तर ०, त्याच पानात किंवा संदेशात घुटमळत राहिला तर १, बाहेर जाऊन दुसऱ्या ठिकाणी खात्री केली किंवा कुठे करायची ते नेमके सांगितले तर २. गुण कृतीला आहेत, निष्कर्षाला नाहीत. वेगळ्या रकान्यात खरा नमुना किती जणांनी खोटा ठरवला ते लिहा. हा आकडा वर्गानंतर वाढला असेल तर तुम्ही संशय शिकवला आहे. पाकिटातले खरे नमुने वाढवा.

तीन-चार आठवड्यांनी सहभागी काउंटरवर भेटले की सहज विचारा: मधल्या काळात काही तपासलेत का? कुणाला दाखवलेत का? ही उत्तरे टप्पा १ च्या वहीतच लिहा. पुढच्या बैठकीचा विषय बहुधा तिथूनच निघतो.

टप्पा ८: दुसऱ्या ग्रंथालयाला देताना

एका प्रशिक्षकाने दहा जणांना, त्यांनी आणखी दहा जणांना शिकवायचे, ही साखळी कागदावर झकास दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीवर फक्त स्लाइड पोहोचतात, सराव वाटेतच गळतो. म्हणून नवा प्रशिक्षक आधी एका बैठकीत सहभागी म्हणून बसेल, दुसरीत तुमच्यासोबत एक गट सांभाळेल आणि तिसरी तुमच्यासमोर स्वतः घेईल. त्यानंतरच संच त्याच्या हाती द्या.

सोबत द्यायच्या गोष्टी: पाकिटांची मूळ चित्रे, लिफाफ्यांतले पुरावे, चाचणीचे नमुने आणि गुण देण्याची रीत, स्थानिक स्रोतांची यादी. युनेस्कोचा शिक्षकांसाठीचा माध्यम आणि माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम मोफत मिळतो (दुसरी आवृत्ती २०२१). तो प्रशिक्षकाच्या वाचनासाठी ठेवा, जसाच्या तसा वर्गात नेऊ नका. इफ्लाचा (ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) खोट्या बातम्या ओळखण्याचा आठ मुद्द्यांचा तक्ता अनेक भाषांत आहे. भिंतीवर लावायला तो चांगला.

नव्या ठिकाणी संच पोहोचला की सहापैकी निदान तीन कागद तिथल्या वहीतून आलेले असावेत अशी अट घाला, आणि दर सहा महिन्यांनी जुने कागद काढून टाका. फसवणुकीची भाषा झपाट्याने बदलते. स्रोतांच्या यादीतले दूरध्वनी क्रमांकही त्याच वेळी एकेक करून लावून पाहा. जो लागत नाही तो यादीतून खोडा.